'बायकांनी फक्त साखर सोडली' म्हणे!

परवा माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण वाचून दाखवलं आणि दुसऱ्याच परिच्छेदाला मी तिला थांबवलं. घरच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड तिने जसाच्या तसा उतरवला होता: 'ब्रिटनमधली गुलामगिरी विल्बरफोर्सने १८०७ मध्ये एकट्याने संपवली. बायकांनी फार तर चहातली साखर सोडली. त्यांना राजकारणात रस नव्हता, म्हणून संसदेच्या इतिहासात त्या नाहीत.'

साल आधी दुरुस्त करा. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबणारी माणसं मालकाचीच राहिली, त्यांच्यासाठी कायदा व्हायला १८३३ उजाडलं. खासदार विल्बरफोर्स व्यापाराविरुद्ध वीस वर्षं झुंजला, हे मान्य. पण 'एकट्याने' खोडा.

'रस नव्हता' या शब्दांनी मात्र माझं डोकंच फिरलं. १८२६ मध्ये खुद्द विल्बरफोर्सने सहकारी थॉमस बॅबिंग्टनला पत्र लिहिलं: बायकांनी सभा भरवाव्यात, लेख छापावेत, संसदेकडच्या अर्जांसाठी घरोघर फिरून लोकांना चेतवावं, हे बायबलमधल्या स्त्रीधर्माला शोभत नाही. पत्र त्याच्या मुलांनीच लिहिलेल्या चरित्रात छापलेलं आहे. बायका गप्प बसल्या असत्या तर त्याने हे कशाला लिहिलं असतं?

त्या काय करत होत्या? इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एलिझाबेथ हेरिकने १८२४ मध्ये पत्रक काढून ठणकावलं, गुलामी हळूहळू नको, ताबडतोब संपवा. पुरुषांच्या मुख्य गुलामीविरोधी संस्थेच्या तर नावातच 'क्रमाक्रमाने' होतं! १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या संस्थेने ठराव केला: तो शब्द काढा, तरच आमची वर्षाची ५० पौंडांची देणगी मिळेल. त्याच वर्षी मे महिन्यात शब्द गेला.

साखर सोडली, हे खरंच. पण ती घरात बसून सोडलेली नव्हती. हेरिक आणि तिच्या मैत्रिणी लेस्टरमध्ये दारोदार फिरल्या, गुलाम राबवणाऱ्या मळ्यांची साखर घेऊ नका म्हणून सांगत. घरात काय यायचं ते बायकाच ठरवत, आणि मळेवाल्याचा पैसा त्या साखरेतच होता.

संसदेत त्या दिसणार कशा? त्यांना ना मत होतं, ना जागा. तरी १८३३ मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार स्त्रियांच्या सह्यांचा गुलामीविरोधी अर्ज सभागृहात आला. तो उचलून आणायला चार खासदार लागले.

आणि ज्यांनी गुलामी भोगली त्या बायकांचा फॉरवर्डमध्ये एका अक्षराने उल्लेख नाही. बर्म्युडा बेटावर गुलामीत जन्मलेल्या मेरी प्रिन्सने आपली कहाणी सांगून लिहून घेतली, ती १८३१ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. बाराव्या वर्षी तिचा लिलाव झाला होता. तिला आणि बहिणींना बाजारात घेऊन जाण्याची पाळी त्यांच्या आईवरच आली, आणि तिघी बहिणी वेगवेगळ्या मालकांना विकल्या गेल्या. भाची सातवीत आहे, बारा वर्षांची. हे ऐकल्यावर तिने भाषणाचा पहिला कागद फाडला आणि मेरी प्रिन्सपासून नवीन लिहायला घेतलं.