जमीन त्यांची, हप्ते आपले

स्वतःचे घर घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांना माझे पहिले सांगणे असे की, घराखालची जमीन कोणाची, हा प्रश्न त्यांनी चुकूनही मनात आणू नये. आम्ही तो दहा वर्षे आणला नाही आणि ती दहा वर्षे फार सुखात गेली. गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी फिरायला खाली उतरलो, तेव्हा मुलांच्या बागेभोवती हिरवे पत्रे उभे राहिले होते आणि घसरगुंडी उपटून कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. ‘‘साहेब, इथे टॉवर होणार,’’ असे मुकादमाने मला अगदी आनंदाची बातमी द्यावी तसे सांगितले. ही जागा आमच्या संस्थेची आहे, असे मी आवाज चढवून म्हणालो, तेव्हा बिल्डरच्या कार्यालयातून आलेल्या एका तरुणाने मिळकत पत्रिकेची प्रत माझ्यापुढे धरली आणि अत्यंत नम्रपणे म्हटले, ‘‘काका, नाव वाचा.’’ मी वाचले. आमचे नाव त्यावर कोठेही नव्हते. त्या तरुणाच्या ऋणातून अंशतः मुक्त व्हावे म्हणून हे चार हिताचे शब्द लिहीत आहे.

करारनामा वाचू नये. तो शहाऐंशी पानांचा असतो आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आपला क्रमांक पुकारला जाण्याच्या दहा मिनिटे आधी आपल्या हातात येतो, यातच तो वाचण्यासाठी नसल्याचा पुरेसा संकेत आहे. आमच्या करारनाम्यात हप्त्याला उशीर झाल्यास आमच्याकडून वार्षिक अठरा टक्के व्याज घेण्याची तरतूद होती, आणि ताबा देण्यास उशीर झाल्यास आम्ही ‘अपरिहार्य परिस्थिती’ समजून घ्यावी, अशी अपेक्षा होती. गुरुग्रामच्या एका खरेदीदाराने मात्र हे समजून घेण्यास नकार दिला. त्याच्या करारात उशिरासाठी खरेदीदाराला अठरा टक्के आणि बिल्डरला नऊ टक्के, असा हिशेब होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा एकतर्फी अटी खरेदीदारावर बंधनकारक नसल्याचे सांगितले. अशा भांडखोर माणसांपासून दूर राहावे.

चटईक्षेत्र, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतली वापरायची जागा, मोजण्यासाठी टेप घेऊन जाऊ नये. जिना, लिफ्ट आणि पहारेकऱ्याची खोली यांतही आपण राहतो, हे लक्षात ठेवावे.

पार्किंगचे पैसे मुकाट्याने द्यावेत. इमारतीच्या खांबांमधली मोकळी जागा सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २०१० मध्येच सांगितले होते, त्यामुळे आमच्या बिल्डरने २०१३ मध्ये ती आम्हाला अर्थातच विकली नाही. त्याने ‘इतर सुविधा’ या नावाने अडीच लाखांची पावती दिली आणि जमिनीवर पिवळ्या रंगाने आकडा रंगवून दिला. तो रंगही आता उडाला आहे.

आता मुख्य उपदेश : अभिहस्तांतरण, म्हणजे ज्याला आपण सगळे कन्व्हेयन्स म्हणतो, ते मागू नये. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली, करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर, संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. ‘करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर’ या शब्दांचे मोल मला सोमवारी समजले. आमच्या करारनाम्याच्या एकेचाळिसाव्या पानावर मुदत ठरली होती : ‘संपूर्ण प्रकल्प पूर्ण झाल्यानंतर’. प्रकल्प केव्हा पूर्ण होणार? बिल्डर म्हणेल तेव्हा. आणि तो का म्हणेल? जमीन त्याच्या नावावर आहे तोवर वाढणारा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचे प्रमाण, त्याचा आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेले बांधकामाचे हक्क, उतरवण्याची जागाही त्याची. २०२० च्या डिसेंबरात मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला नवी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि अधिमूल्य भरून आणखी बांधकाम करण्याची वाट रुंद झाली, तेव्हा आमची बाग हा त्याच्या हिशेबात एक रिकामा भूखंड झाला. मंजूर आराखडा बदलण्यासाठी दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती लागते, असे २०१६ चा रेरा कायदा सांगतो. ती संमतीही तयार आहे, कारण त्याच एकेचाळिसाव्या पानावर ‘भविष्यातील सर्व फेरबदलांना खरेदीदार याद्वारे अपरिवर्तनीय संमती देत आहे’ असे लिहिले असून खाली माझी सही आहे. जो आराखडा अजून कागदावरही नव्हता, त्याला मी संमती दिली आहे! अशी कोरी संमती कायद्यासमोर टिकत नाही, असे आमचे वकील म्हणतात; पण ते सिद्ध होईपर्यंत पत्रे आमच्या बागेभोवती आहेत आणि तारखांना हजर राहण्याची जबाबदारी आमची आहे. कन्व्हेयन्स न देणाऱ्या बिल्डरला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्या जुन्या कायद्यात आहे. या कलमाखाली तुरुंगात गेलेला एखादा बिल्डर आपल्या परिचयाचा असल्यास मला जरूर कळवावे, मी पेढे घेऊन येईन. मुद्रांक शुल्क आम्ही भरायचे, मालमत्ता कर आम्ही भरायचा, आणि ‘काका, नाव वाचा’ हेही आम्हीच ऐकायचे.

तक्रार करू नये; साहेब साइटवर असतात.

बिल्डर सही करीत नसेल तर त्याच्या सहीवाचून जमीन संस्थेच्या नावे करून देणारी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ पासून कायद्यात आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा, सोबत कागदपत्रे जोडायची, सुनावणी होते, आदेश मिळतो. येथेही उपदेश करण्याचा माझा विचार होता, पण आता उपदेश पुरे. आमच्या संस्थेत शहाण्णव सदनिका आहेत. या अर्जासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, तेव्हा वीस जणांची गणसंख्या भरली नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब करावी लागली, आणि अर्ध्या तासाने आम्ही अकरा जण होतो. त्याच अकरा जणांपैकी तिघे कुत्र्यांच्या विषयावर बोलायला आले होते. पत्रे उभे राहिले त्या दिवशी मात्र व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुपारपर्यंत तीनशे संदेश पडले, ‘कमिटी काय झोपली होती का’ असे विचारणारे तर सकाळी सातपासून जागे होते. बिल्डर लबाड आहे, हे तो वीट रचण्याआधीपासून सर्वांना माहीत होते. मग बी विंगमधले निवृत्त गृहस्थ सहा वर्षे दारोदार फिरून प्रत्येक सदनिकेच्या सूची क्रमांक दोनची, म्हणजे करारनाम्याच्या नोंदणीच्या उताऱ्याची, अर्जाला जोडायची प्रत मागत होते, तेव्हा त्यांना ‘पुढच्या रविवारी बघू’ असे सांगून दार लावून घेणारे आपणच होतो ना? त्यांचा वेळ फुकटचा होता आणि आपला तेवढा मोलाचा, हे कोणी ठरवले? अजून सतरा प्रती यायच्या आहेत. ज्यांच्या यायच्या आहेत त्यांना आपण कोण ते पक्के ठाऊक आहे. कपाटातल्या साड्यांखाली ठेवलेली ती फाईल बाहेर काढा, कोपऱ्यावर झेरॉक्स करा आणि शनिवारच्या आत सचिवांकडे नेऊन द्या. रविवारी मी स्वतः बेल वाजवायला येणार आहे, आणि या वेळी दार लावून घेतलेत तर पायऱ्यांवर बसून राहीन.