राफ सिमन्स ‘काहीच न शिकता’ घडले नाहीत

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं : फॅशन डिझायनर राफ सिमन्स यांनी कसलंही शिक्षण घेतलं नाही, एका शोमध्ये जग जिंकलं, रस्त्यावरच्या पोरांना रस्त्यावरचेच कपडे घालून रॅम्पवर आणलं, मध्ये लेबल बुडालं तरी पुन्हा उभं केलं, तेव्हा डिझाइन शिकण्यात वर्षं घालवू नका. सिमन्स यांच्याच नावाच्या, २०२२ मध्ये बंद झालेल्या या बेल्जियन लेबलवर (म्हणजे कपड्यांच्या ब्रँडवर) माझा फार जीव आहे. त्याची सुरुवात अशी सांगितली जाते तेव्हा गप्प बसवत नाही.

आधी शिक्षणाचं. फॅशनची पदवी त्यांच्याकडे नाही, इतकंच खरं. बेल्जियममधल्या गेंकमध्ये त्यांनी इंडस्ट्रियल डिझाइनचा, म्हणजे फर्निचरसारख्या वस्तूंच्या रचनेचा, अभ्यास १९९१ मध्ये पूर्ण केला. शिकत असतानाच अँटवर्पचे डिझायनर वॉल्टर व्हान बेइरेंडोंक यांच्याकडे उमेदवारी केली. त्यांच्याबरोबर पॅरिसला गेले असताना १९८९ मध्ये बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जेला यांचा शो पाहिला : मुलांच्या खेळाचं मैदान आणि मॉडेल्सच्या मधून बागडणारी तिथलीच मुलं. फर्निचरकडे निघालेला हा तरुण कपड्यांकडे वळला तो त्या शोमुळे. पुढे अँटवर्पच्या रॉयल अकादमीत फॅशन विभागाच्या प्रमुख असलेल्या लिंडा लोप्पा यांनी त्यांना थेट स्वतःचं काम सुरू करायला सांगितलं. पोस्टमध्ये नेमका एवढाच सल्ला उचललाय. पण तो वस्तू कशी घडते हे शिकून आलेल्या माणसाला दिलेला होता, आणि देणारी बाई आयुष्य शिकवण्यात घालवणारी होती. हे गाळलं की गोष्टीचा अर्थच उलटा होतो.

‘एका शोमध्ये’ हेही चुकीचं. लेबल सुरू झालं १९९५ मध्ये. सुरुवातीची कलेक्शन्स रॅम्पवर आलीच नाहीत, ती व्हिडिओवर दाखवली गेली. पॅरिसमधला पहिला रॅम्प शो १९९७ चा.

आता कपड्यांकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथेच. रॅम्पवरची बरीच पोरं व्यावसायिक मॉडेल नव्हती, रस्त्यावरून निवडलेली होती, हे बरोबर. पण त्यांच्या अंगावर होते अरुंद खांद्यांचे काळे सूट आणि शाळेच्या गणवेशाची आठवण देणारे शर्ट. हे सोपं काम नाही. नव्वदच्या सुरुवातीचा पुरुषांचा कोट म्हणजे रुंद, पॅड भरलेले खांदे आणि ऐसपैस घेर. तोच कोट बाजूंनी आवळून किडकिडीत मुलाला घातला तर हात वर करताच अख्खा कोट वर सरकतो, कारण मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग, खाली राहिलेला असतो. अरुंद कोट अंगावर बसायचा तर मुंढा काखेजवळ चढवावा लागतो, बाही नव्याने कापावी लागते, खांद्याची शिवण आत घ्यावी लागते. म्हणजे पॅटर्न, ज्यावरून कापड कापतात तो आराखडा, मुळापासून बदलावा लागतो. याला ‘रस्त्यावरचे कपडे’ म्हणणं हा कापणाऱ्याच्या हातांचाही अपमान आहे. (सडपातळ सूटचं सगळं श्रेय डिझायनर एदी स्लिमान यांच्या दिऑर ऑमला, म्हणजे दिऑरच्या पुरुषांच्या कपड्यांच्या विभागाला, देणाऱ्यांसाठी : त्यांचं तिथलं पहिलं कलेक्शन २००१ चं. स्लिमान मोठे आहेतच, पण सिमन्स यांचे हे सूट त्याआधीचे.)

राहिलं लेबल ‘बुडाल्याचं’. २००० मध्ये सिमन्स यांनी ते वर्षभरासाठी स्वतःहून थांबवलं, आणि परतल्यावर २००१-०२ च्या हिवाळ्यासाठी ‘रायट रायट रायट’ हे कलेक्शन आणलं : एकावर एक चढवलेले थर, हूड, ढगळ बॉम्बर जॅकेट. ज्या अरुंद रेषेने नाव मिळालं होतं ती त्यांनी आपल्या हाताने बाजूला ठेवली. त्याच २००० सालापासून पुढची पाच वर्षं ते व्हिएन्नाच्या उपयोजित कला विद्यापीठात विद्यार्थ्यांना फॅशन शिकवत होते.