अँटिबायोटिकचा अतिवापर डॉक्टरांच्या अज्ञानातून होतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये अँटिबायोटिकविषयीचा एक मजकूर सध्या वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : ही औषधे निकामी होत चालली आहेत याची डॉक्टरांना कल्पनाच नाही, कंपन्यांच्या कमिशनपोटी ते चिठ्ठीवर अँटिबायोटिक खरडतात, मोठ्या रुग्णालयांत मात्र असे घडत नाही, वारंवार गोळ्या घेतल्याने शरीराला औषधाची सवय लागते, म्हणून ताप उतरला की गोळ्या बंद कराव्यात. यामागची चिंता खरी आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे, म्हणजे जिवाणू औषधाला दाद देईनासे झाल्यामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला. मात्र कारणेच चुकीची सांगितली, तर उपायही चुकतात, आणि मजकुरातील शेवटचा सल्ला तर सरळसरळ धोक्याचा आहे.

डॉक्टरांना माहिती नाही, हा पहिला आरोप. जिवाणूंचा प्रतिरोध हा विषय एमबीबीएसच्या सूक्ष्मजीवशास्त्रात आणि औषधशास्त्रात शिकवला जातो. अडचण आहे ती माहिती असणे आणि तसे वागणे यांच्यातील अंतराची, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द कर्नाटकातून मिळालेला आहे. कर्नाटक व बिहारमधील २५३ गावा-शहरांतील दोन हजारांहून अधिक खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. बाळाला जुलाब होत असल्याचे सांगणारे, संशोधकांनी तयार केलेले ‘पालक’ त्यांच्याकडे पाठवण्यात आले होते. अशा बाळाला ओआरएस (क्षार-साखरेचे द्रावण) द्यावे हे जवळपास सर्वांना ठाऊक होते, एमबीबीएस नसलेल्यांनाही. तरीही अनेकांनी ते लिहून दिले नाही आणि पुष्कळदा अँटिबायोटिक दिले. पालकांना ओआरएस नको असते, ही त्यांची समजूत हे त्याचे सर्वांत मोठे कारण निघाले. प्रत्यक्षात ओआरएस हवे असणाऱ्यांची संख्या त्यांच्या समजुतीपेक्षा बरीच जास्त होती, आणि पालकाने ते आपणहून मागितले तेव्हा ओआरएस देणारे दर शंभरांमागे २७ ने वाढले.

हे समजून घ्यायला आपल्याकडचा दवाखाना डोळ्यांसमोर आणावा. खानापूर तालुक्यातील जंगलाकाठच्या गावातून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘तीन दिवस वाट पाहा, ताप राहिला तर पुन्हा या’ असे सांगणे शास्त्राला धरून असले, तरी तो पुन्हा येईलच याची डॉक्टरांना खात्री नसते. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि ती सोय तालुक्याच्या गावी सहसा नसते. मग एकाच विडाल या रक्ततपासणीवर ‘टायफॉइड’ ठरतो. ही तपासणी एकदाच केली, तर तिच्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही, हे डॉक्टरही जाणतात. त्यातच या सीमाभागात रुग्ण सतत इकडून तिकडे जात असतात : चंदगडचे बेळगावला येतात, निपाणीचे कोल्हापूरला आणि अथणीचे मिरजेला जातात. मागची चिठ्ठी सोबत नसेल, तर आधी कोणते औषध किती दिवस झाले हे नव्या डॉक्टरांना कळत नाही, आणि बहुधा त्याहून जोरकस औषध सुरू होते. ‘नुसती पॅरासिटामॉल दिली, इंजेक्शनसुद्धा दिले नाही’ अशी तक्रार करीत दुसरा दवाखाना गाठणारे आपणच असतो, ही गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळली आहे.

कमिशनचा आरोप पूर्णपणे निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. औषध कंपन्यांच्या भेटवस्तू आणि सहली हा काही गुप्त विषय राहिलेला नाही. पण वरच्याच अभ्यासात काही ‘पालकांनी’ औषध दुसरीकडून घेणार असल्याचे आधीच सांगितले होते, म्हणजे विक्रीतला फायदा काढून घेतला होता, आणि तरीही सरासरीत फारसा फरक पडला नाही. शिवाय चिठ्ठीविना मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांचा हिशोब कोणत्या डॉक्टरांच्या नावावर मांडायचा? १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘शेड्यूल एच-१’ या औषधांच्या सरकारी यादीच्या नियमानुसार त्या यादीतील अँटिबायोटिकची विक्री डॉक्टर व रुग्णाच्या नावासह वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे दुकानदाराला बंधनकारक आहे.

मोठ्या रुग्णालयांविषयीचा समज तर आकड्यांपुढे टिकतच नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा दाखल रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक सुरू होते आणि निम्म्याहून अधिक औषधे केवळ खबरदारी म्हणून दिलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना त्याचे कारणही लिहिण्यास सांगितले.

सवय शरीराला लागत नाही. औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे उरतात आणि वाढतात. असे जिवाणू घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही जाऊ शकतात, मग त्याने आयुष्यात एकही अँटिबायोटिक घेतलेले नसले तरी.

राहिला ताप उतरताच गोळ्या बंद करण्याचा सल्ला. क्षयरोगात काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, वजन वाढू लागते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. पण जिवाणू शिल्लक असतात, म्हणूनच नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो. तो मध्येच सोडणाऱ्यांतून औषधांना न जुमानणारा क्षय तयार होतो. उलट काही संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा उपचार पुरतो, असे चाचण्यांतून दिसले आहे. साध्या न्यूमोनियाला अनेकदा पाच दिवस पुरे होतात.   पाच दिवस की सहा महिने, हे आजार कोणता यावर ठरते. ताप उतरला आणि गोळ्या उरल्या असतील, तर त्या थांबवाव्यात का, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे लागते.