कढवलं की सगळं चालतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि रागातली आहे. दोन ओळींत 'धन्यवाद' लिहून मोकळं होणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बाकीच्या वाचकांसाठी आधी प्रकरण सांगते. गेल्या लेखात मी लिहिलं होतं की घरच्या लोण्याला खवट किंवा कुबट वास यायला लागला की ते टाकावं, तूप करायला घेऊ नये. त्यावर ताईंचं म्हणणं असं: दुधाचे भाव बघता लोणी फेकायला सांगणं हा शुद्ध माज आहे. त्यांच्या पंचवटीतल्या सासूबाईंनी जन्मात कधी लोणी टाकलं नाही. वास आला तर कढवायचं, उकळीत सगळं मरतं. आणि जुनं तूप तर आयुर्वेदात औषध आहे. शिवाय विकतच्या बटरलाही मी हाच नियम लावला, असा त्यांचा समज झालेला दिसतो.

माजाचं राहू दे. बाकी मुद्द्यांवर मात्र मी आहे तिथेच आहे.

सासूबाईंनी लोणी टाकलं नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यांच्या घरात लोणी जुनं व्हायला सवड तरी कुठे होती? सायीला विरजण लावायचं, एक-दोन दिवसांत रवी फिरायची, निघालेला गोळा ताकात बुडवून ठेवायचा आणि वास बदलायच्या आत कढवायचा. फ्रीज नव्हता तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आपण काय करतो? महिनाभर साय फ्रीजरमध्ये साठवतो, सुट्टीच्या दिवशी मिक्सरमधून लोणी काढतो, डब्यात भरतो आणि 'कढवू निवांत' म्हणत तो डबा लोणच्याच्या बरणीमागे सरकवतो. तो सापडतो दिवाळीच्या साफसफाईत. सासूबाईंचा नियम या डब्याला लावायचा, तर त्यांचं वेळापत्रकही पाळायला हवं.

आता उकळीचं. जंतू मरतात, हे तुमचं बरोबर आहे. पण लोण्याला वास येतो तो जंतूंनी केलेल्या उद्योगाचा, आणि तो उद्योग उकळीने पुसला जात नाही. लोण्यातल्या जंतूंची एन्झाइम्स स्निग्धांश फोडतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटं होतं. ओकारीसारखा जो दर्प येतो तो त्याचाच. हे आम्ल उकळतं 163 अंशांच्या आसपास. लोणी कढताना पाणी असेपर्यंत तापमान 100 च्या जवळपास राहतं, आणि बेरी तांबूस झाली की आपण गॅस बंद करतो. म्हणजे थोडं आम्ल वाफेबरोबर उडतं (घरभर सुटतो तो वास हाच) आणि बरंचसं खाली तुपात राहतं. दिसायला तूप कणीदार, छान. पण गरम वरणभातावर घाला, दुसऱ्या घासाला घसा खवखवतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आपल्या हातांवर, नाकात, चिघळलेल्या जखमेत असतो. अन्नात तो वाढला की विष तयार करतो. उकळल्यावर जंतू मरतो, विष टिकतं. म्हणून बोट कापलेलं असताना हाताने लोणी गोळा करू नये, आणि बिघडल्याची शंका असलेलं लोणी कढवून 'शुद्ध' झालं असं समजू नये. बुरशीचंही तेच. घरच्या लोण्यावर काळा, हिरवा किंवा गुलाबी ठिपका दिसला तर वरचं खरवडून आतलं वापरू नका. मऊ पदार्थात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

कढवण्यावर माझा राग नाही हो! ताज्या लोण्याचं तूप करणं ही टिकवण्याची फार हुशार रीत आहे. लोण्यातलं पाणी काढून टाकलं की जंतूंना जगायला काही उरत नाही. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, दंडकच आहे. फक्त लोणी ज्या अवस्थेत कढईत जाईल, त्याच अवस्थेतलं तूप बाहेर येईल.

विकतच्या खारट बटरला मी घरच्या लोण्याच्या पंगतीत बसवलेलं नाही, ते तुमच्या वाचनातून निसटलं असावं. टेबल बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त 16 टक्के पाणी असतं. मीठ दोनेक टक्केच, पण ते स्निग्धांशात विरघळत नाही, सगळं त्या थोड्याशा पाण्यात उतरतं. म्हणजे बटरमधला पाण्याचा प्रत्येक बारीक थेंब दहा टक्क्यांहून जास्त खारट, लोणच्याच्या खारासारखा. जंतूंची तिथे डाळ शिजत नाही. घरच्या लोण्यात मीठ नाही, पाणी जास्त, आणि नीट धुतलं नसेल तर ताकही राहिलेलं. म्हणून फ्रीजमध्ये नीट झाकलेलं बटर तारखेनंतर थोडे दिवस गेलं म्हणून मी टाकत नाही. उघड्या राहिलेल्या वडीवर गडद पिवळी, तेलकट साय धरते ती हवेने झालेली असते. सुरीने पातळ कापून काढा, आतलं फिकट बटर वासाला चांगलं असेल तर खुशाल वापरा. कांद्याचा किंवा चिरलेल्या खरबुजाचा वास लागलेला असेल तर तो उसना वास आहे. केकला चालणार नाही, पावभाजीला कोण विचारतंय!

वास घ्यायची रीत मात्र नीट हवी. फ्रीजमधून काढलेल्या थंड लोण्याला नाक लावून काही कळत नाही, गार असताना वास दबलेला असतो. नखाएवढं लोणी तळहातावर घ्या, बोटाने चोळा, पाघळलं की हुंगा. ताकाचा आंबूसपणा आला तर हरकत नाही, विरजणाच्या लोण्याला तो असतोच. दर्प आला, किंवा जुन्या तेलाचा, मेणाच्या रंगीत खडूसारखा वास आला, तर चव घेऊन बघण्याचीही गरज नाही.

आयुर्वेदाचा मुद्दा. चरकसंहितेत दहा वर्षं ठेवलेल्या उग्र वासाच्या तुपाचा उल्लेख आहे, हे खरं. तो येतो उन्मादाच्या चिकित्सेत. ते तूप आहे, लोणी नव्हे, आणि वैद्याने द्यायचं औषध आहे. पोळीला लावायला ते सांगितलेलं नाही.

घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर मी आणखी कडक होते. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. फिनलंडमध्ये 1998-99 साली डेअरीच्या बटरमधून त्याची साथ झाली आणि इस्पितळातले आधीच अशक्त असलेले रुग्ण दगावले. तिथे बटर जुनं होतं म्हणून नव्हे, दूषित होतं म्हणून. तरी अशा माणसांच्या थालीपिठावर शंकेचा गोळा कशाला?

पैसे वाचवायचे असतील तर ते लोणी काढतानाच वाचतात. साय आठवड्याची झाली की विरजा, थांबू नका. आपल्याकडे जानेवारीत कडाका असतो, साय कितीही घुसळा, लोणी बारीक कण्यांनी तरंगत राहतं. तेव्हा पेलाभर कोमट पाणी घाला. मे महिन्यात उलट, बर्फाचं पाणी, नाहीतर लोणी ताकातच पातळ होऊन अर्धं वाया जातं. गोळा धुताना पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला आपण कंटाळतो आणि तिथेच लोण्याचं आयुष्य कमी होतं. त्याच दिवशी कढवता येत नसेल तर छोट्या डब्यांत भरून थेट फ्रीजरला टाका, दारातल्या कप्प्यात नको.

'मग टाकायचं कुठे, तेही सांगा' असं तुम्ही शेवटी टोमण्याने विचारलंय. सांगते. बुरशी नसेल, नुसताच वास असेल, तर खिडक्या उघड्या ठेवून कढवा, गाळा आणि दिव्याच्या तेलात मिसळून अंगणातल्या पणत्यांना वापरा. न कढवता वातीला लावलंत तर पाण्यामुळे तडतडेल. बुरशी असेल तर सिंकमध्ये गरम पाण्याने ओतू नका, पाइपात जाऊन थिजतं आणि प्लंबर लोण्यापेक्षा महाग पडतो. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात ठेवा, सकाळी घंटागाडीला द्या.