पण त्यात करायचं काय असतंय?

‘हाणामारी हाय काय?’

कुणाला एखादा कंप्युटर गेम सुचवला की हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की दुसरा, ‘मग गाड्या?’ गाड्याही नाहीत म्हटलं की समोरचा रंकाळ्याच्या कट्ट्यावर मांडी बदलतो, माझ्याकडं जरा काळजीनं बघतो आणि विचारतो, ‘मग त्यात करायचं काय असतंय?’

इथं माझी वाचा बसते. कारण खरं उत्तर असं असतं, की त्यात एक पक्षीण आहे, तिला मोबाइलची रेंज हवी असते, म्हणून ती डोंगर चढते. ‘अ शॉर्ट हाइक’ नावाचा 2019 सालचा हा गेम मला इतका आवडला की संपल्यावर मी उगाचच पन्हाळ्याला जाऊन आलो. पण हेच वाक्य चारचौघांत मोठ्यानं म्हणून बघा. पुढचा अर्धा तास पन्हाळ्यावर कुठल्या कार्डाला किती दांड्या येतात, यावर कडाक्याची चर्चा झाली. पक्षिणीचं कुणी नाव काढलं नाही.

असले गेम, म्हणजे एकट्यादुकट्यानं किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेले, ज्यांना इंडी म्हणतात ते, हुडकणं हेच मुळात कष्टाचं काम आहे. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात शंभर डॉलर भरले की कुणालाही आपला गेम मांडता येतो, आणि लोक मांडतात. 2024 या एका वर्षात तिथं अठरा हजारांच्या वर नवे गेम आले, म्हणजे रोजचे पन्नासच्या घरात. खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचून ठरवावं म्हटलं, तर प्रत्येकाच्या नावाखाली तो किती तास खेळला तेही छापलेलं असतं. नऊशे तास खेळलेला लिहितो, ‘वेळ वाया गेला, घेऊ नका.’ अकरा मिनिटं खेळलेला लिहितो, ‘आयुष्य बदललं.’ आता ह्यातल्या कुणावर भरवसा ठेवायचा? मी आपला दोघांचंही वाचतो आणि चित्र बघून घेतो.

आणि एवढं करून सापडलेलं गुपचूप पचवायचा आमच्या गावाचा स्वभाव नाही. कोल्हापुरी माणसाला भारी काही गावलं की ते दुसऱ्याच्या घशाखाली उतरल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. त्यामुळं मी सांगत सुटतो.

एकदा आपला मराठी माल म्हणून ‘राजी’ पुढं केला. पळवून नेलेल्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी, समोर राक्षस, हातात त्रिशूळ. हाणामारी भरपूर. कट्टा पहिल्यांदाच सरसावून बसला. मग कुणीतरी विचारलं, केलाय कुणी? मी म्हटलं, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं, 2020 साली. ‘पुण्याची पोरगी?’ तालमीतला पैलवान म्हणाला, ‘मग राक्षसास्नी शब्दानंच मारत आसंल.’ विषय संपला.

आमच्यातला एक जण सरकारी कचेरीत कारकून आहे. त्याला मी मोठ्या आशेनं ‘पेपर्स, प्लीज’ दाखवला. 2013 चा गेम, लुकस पोप या माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला. तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवर खिडकीत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा. नियम रोज बदलतात. दिवसाला दोन चुका माफ, तिसरीपासून पगारातून दंड. संध्याकाळी त्याच पगारातून भाडं, जेवण, शेगडी आणि आजारी पोराचं औषध. मी असा रंगून सांगत होतो आणि तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘भावा, हे मी सकाळी दहापास्नं करतोय. घरी येऊन पैसे भरून पुन्हा करू?’

तरी खेळला. आणि आठवड्यानं फोन आला तो तक्रारीचा. ‘चुकलं की लगेच चिठ्ठी छापून येती रे. लगेच! एवढी शिस्त आसती व्हय कुठं?’ त्या देशाविषयी त्याला काडीचंही सोयरसुतक नव्हतं. त्याच दिवशी चूक सापडते, हे मात्र त्याला पटता पटेना.

पैशाचा मुद्दा निघतोच. स्टीमचा नियम असा, की घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पक्षिणीचा डोंगर दोन तासांच्या आत चढून होतो, हे मी बोलून गेलो. पैलवानाचे डोळे चमकले. ‘म्हंजे संपवायचा आणि पैसे परत?’ मी म्हटलं, अरे, मिसळ खाऊन, वर दोनदा कट मागून, पैसे परत मागशील का? त्यावर तो खरोखरच विचारात पडला. मिसळवाल्याचा असा काही नियम आहे का, याची त्यानं चौकशी केली नसेल असं मी खात्रीनं सांगू शकत नाही.

घरी वेगळी परीक्षा. बायकोला ‘अनपॅकिंग’ विषयी सांगितलं. 2021 चा, ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या छोट्या मंडळींचा. एक मुलगी 1997 पासून 2018 पर्यंत घरं बदलत जाते, आपण दरवेळी तिची खोकी उघडून सामान लावायचं. बायकोनं भांडी घासता घासता मान वळवली. ‘मी रोज फुकट लावतो ते दिसत न्हाई, आणि तिचं लावायला पैसे दिलासा?’ (आमच्याकडच्या बायका ‘लावते’ म्हणत नाहीत, ‘लावतो’ म्हणतात, ऐकणाऱ्याला जरब बसते.)

रविवारी दुपारी मात्र ती येऊन शेजारी बसली. माझा टूथब्रश लावायचा पेला चुकला म्हणून तिनं माऊस काढून घेतला, तो काही परत मिळाला नाही. 2010 सालच्या घरापर्यंत सुरळीत चाललं. तिथं ती मुलगी मित्राच्या घरी राहायला जाते. घर त्याच्याच सामानानं भरलेलं. खोक्यातून तिचं पदवीचं प्रमाणपत्र निघालं, फ्रेमसकट. बायकोनं ते भिंतीवर लावून बघितलं. जागा नाही. कपाटावर, नाही. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, नाही. गेम तेवढ्या वस्तूभोवती लाल रेघ काढून बसलेला. बराच वेळ गेल्यावर ती फ्रेम एकाच ठिकाणी बसली. पलंगाखाली.

‘हा माणूस बरा न्हाई,’ बायको म्हणाली.

मी म्हटलं, अजून माणूस दिसलाही नाही. ‘दिसायला कशाला पायजे?’ पुढच्या घरात ती मुलगी आईवडलांकडं परत आलेली निघाली आणि खोक्यात त्याचा फोटो सापडला, त्याच्या तोंडावर टाचणी टोचलेला. बायको ‘बघा!’ म्हणून एवढ्यानं ओरडली की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. मी खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझी शिफारस कुणाला तरी लागू पडली होती. संध्याकाळी बघतो तर हॉलमधल्या शोकेसवरची माझी कॉलेजच्या क्रिकेटची ढाल गायब, आणि तिथं तिची बी. कॉम. ची पदवी. ढाल कुठंय म्हणून विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

आईला ‘वेनबा’ दिला. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या फाटक्या वहीवरून पदार्थ जुळवायचे. आईनं इडलीपात्राची ताटं कशी फिरवून ठेवायची तेवढं बघितलं, ‘वाफ जायला वाट नको?’ म्हणून एका झटक्यात जुळवलं, आणि ‘हे बी सांगायला लागतंय?’ म्हणून उठून गेली.

भाच्याला द्यायला नको होता तो ‘गेटिंग ओव्हर इट’. एक उघडाबंब माणूस कंबरेपर्यंत कढईत बसलेला, हातात घण, आणि घण अडकवत अडकवत डोंगर चढायचा. घसरला की तासाभराची कमाई मातीत, आणि वर तो करणाऱ्याचाच गोड आवाज अपयशाविषयी दोन समजुतीच्या गोष्टी सांगतो. पोरगं त्या आवाजाला उलट उत्तरं द्यायला लागलं. उत्तरं खास पेठेतली. ताई दारात येऊन उभी राहिली आणि ‘कोण शिकीवलं हे?’ म्हणून माझ्याकडं बघितली.

पण मला धक्का दिला तो भाच्याच्या बापानं. दाजी विमा एजंट. कंप्युटरला त्यांचा हात लागायचा तो फक्त हप्त्याची पावती छापायला. दिवाळीत फराळाला आले, ‘पावणं, काय नवीन?’ म्हणाले. मी वैतागलेलाच होतो. म्हटलं, एका जहाजाचा क्लेम आहे, बघता का?

दाजींनी चकली खाली ठेवली.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’, 2018. हासुद्धा त्या शिक्केवाल्या लुकस पोपचाच. 1802 साली निघालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज 1807 साली रिकामं परत येतं. साठ माणसांचं काय झालं हे विम्याच्या तपासनिसानं ठरवायचं. हाताशी एक वही आणि एक घड्याळ. प्रेतापाशी घड्याळ उघडलं की मरणाचा क्षण दिसतो, तोही नुसत्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत. कोण, कसा मेला, कुणी मारला, सगळं वहीत भरायचं. तिघांचं अचूक जुळलं तरच वही मान्य करते.

‘नॉमिनी कोण?’ दाजींचा पहिला प्रश्न. हाणामारी नाही, गाड्या नाहीत, नॉमिनी! मला भरून आलं.

मग दाजी हाताबाहेर गेले. खलाशी झोळण्यात झोपलेत, तोंडं दिसत नाहीत, नुसते पाय बाहेर. मी तिथं अडकून पडलो होतो. दाजी म्हणाले, ‘माणूस पायताणावरनं वळखायचा, पावणं. गिऱ्हाइकाच्या दारात गेलो की मी आधी चपला बघतो.’ आणि खरंच, जोडा बघून ओळखले. ताईचा फोन आला, ‘हे रात्री दोनला उठून बसल्यात आणि बोसनचा मदतनीस फ्रेंच हाय म्हणाल्यात. काय देऊन ठेवलाईस त्यास्नी?’ शेवटी कंपनी हिशेब करते, काहींच्या वारसांना भरपाई आणि काही मेलेल्यांच्या मालमत्तेवर उलट दंड. तिथं दाजी पेटले. ‘माणूस मेला, वर दंड? मी आसतो तर सगळे पास करून दिले आसते.’

आता ते दर शनिवारी येतात. ‘पावणं, असलाच आणखी एक बघा. पण बोटीचा नको, एस.टी.चा बघा.’

मी म्हटलं, आहे की. 1995 साली पेन आणि टेलर या जादूगारांसाठी केलेला, तेव्हा बाजारात आलाच नाही. ‘डेझर्ट बस’. टुसॉन ते लास व्हेगास, सरळ रस्ता, आठ तास, खरे आठ तास. मध्ये थांबता येत नाही. बस सारखी थोडी उजवीकडं ओढते म्हणून स्टिअरिंग सोडता येत नाही. खाली उतरली तर टो करून परत टुसॉनला नेतात, तेही तितकाच वेळ घेऊन. पोचलं की एक गुण.

‘प्याशिंजर?’

‘एकही नाही.’

‘चहाला थांबत न्हाई?’

‘नाही.’

दाजींनी बराच वेळ विचार केला. ‘आणि येताना?’

‘येताना आणखी एक गुण.’

‘मग लावा,’ दाजी म्हणाले, ‘पण ताईला म्हणावं, डबा बांधून दे.’