‘सहा महिने थांबा, तोवर टेस्ट करू नका’ हा मेसेज आधी डिलीट करा

“एचआयव्ही टेस्टबद्दल लॅबवाले लपवतात त्या गोष्टी” अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली डॉक्टरचं नाव नाही, संस्थेचं नाही, तारीखसुद्धा नाही. मी त्याकडे लक्षही दिलं नसतं. पण माझी भाची एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीत एका पेशंटची सलाईन काढताना तिला वापरलेली सुई टोचली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जावेनं काळजीपोटी तिला हाच मेसेज पाठवला. तिचा मला फोन आला: “मावशी, सहा महिने टेस्ट करायचीच नाही का? आणि एचआयव्ही रोखायच्या गोळ्यांनी रिपोर्ट खोटा येतो म्हणतात, मग घेऊ का नको?” नर्सिंग शिकलेल्या मुलीला हा मेसेज इतका गोंधळात पाडतो, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

मी लॅबमध्ये काम करते. रोज रक्त घेते, टेस्ट लावते, रिपोर्ट देते. त्यामुळे “लॅबवाले लपवतात” हे मला उद्देशूनच आहे असं धरून उत्तर देते.

मेसेजमधला पहिला दावा: “सहा महिन्यांच्या आत केलेली एचआयव्ही टेस्ट कचरा असते, पैसे वाया घालवू नका.”

साफ चूक. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो टेस्टमध्ये दिसेपर्यंत काही दिवस जातात, त्याला विंडो पिरियड म्हणतात. हे खरं आहे. पण तो किती दिवसांचा, हे टेस्टच्या प्रकारावर ठरतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेनं याचे आकडे स्पष्ट दिले आहेत. थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य शोधणारी नॅट टेस्ट 10 ते 33 दिवसांत संसर्ग पकडते. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट (अँटिजेन म्हणजे विषाणूचा अंश, अँटिबॉडी म्हणजे शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं), जिला आम्ही फोर्थ जनरेशन म्हणतो, 18 ते 45 दिवसांत. हीच टेस्ट बोटाला टोचून रॅपिड कार्डावर केली तर 18 ते 90 दिवस. आणि फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टला 23 ते 90 दिवस.

दोन्ही आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिल्या आकड्याच्या आधी टेस्टला काही दिसणारच नाही. दुसरा आकडा उलटल्यावर निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टवर विसंबता येतं. मधल्या दिवसांत आलेला निगेटिव्ह म्हणजे “अजून तरी दिसत नाही”, एवढंच. पण मधल्या दिवसांत पॉझिटिव्ह दिसलं तर लगेच पुढची तपासणी आणि उपचार सुरू होतात, म्हणून तेव्हाची टेस्टही वाया जात नाही.

मग सहा महिने आले कुठून? 1985 साली एचआयव्हीची पहिली टेस्ट वापरात आली, ती फक्त अँटिबॉडी शोधायची आणि आजच्या मानानं बरीच उशिरा पकडायची. तेव्हा सहा महिने थांबायला सांगणं शहाणपणाचं होतं. फोर्थ जनरेशन टेस्ट विषाणूचं पी-24 नावाचं प्रथिनही पकडते, आणि हे प्रथिन अँटिबॉडी तयार व्हायच्या आधीच रक्तात दिसायला लागतं. म्हणून दिवस कमी झाले. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या नियमांमध्ये सहा महिन्यांची तपासणी आजही लिहिलेली सापडते. अमेरिकेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे, पण फोर्थ जनरेशन टेस्ट वापरली तर चार महिन्यांत थांबता येईल, असंही त्याच कागदावर आहे. आणि ती सहा महिन्यांची तपासणी आधीच्या सगळ्या तपासण्यांनंतरची, खबरदारीची शेवटची आहे. तोवर हातावर हात ठेवून बसा असं कुठेच लिहिलेलं नाही.

या “थांबा”चा खरा तोटा पुढे आहे. जोखमीच्या प्रसंगानंतर पेपच्या, म्हणजे संसर्ग रोखण्यासाठी नंतर घ्यायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. काही तासांत सुरू झाल्या तर उत्तमच. कोर्स 28 दिवसांचा. आपल्याकडे आता बहुतेक ठिकाणी टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोलुटेग्रॅविर अशी तीन औषधं असलेली एकच गोळी रोज घ्यायची असते. विषाणू शिरल्या शिरल्या शरीरभर पसरत नाही, त्याला पेशींत घुसून आपल्या प्रती काढायला वेळ लागतो, आणि गोळ्या त्या वेळातच त्याला अडवतात. 72 तासांनंतर हा दरवाजा बंद होतो. ज्याच्या डोक्यात “सहा महिने काही करायचं नसतं” हे बसलंय, तो चौथ्या दिवशीही घरीच बसलेला असतो.

पहिल्याच दिवशी एक टेस्ट करतात, तिचीही मेसेजवाल्यानं खिल्ली उडवली आहे: “काल सुई टोचली आणि आज टेस्ट, ही लूट.” कालचा संसर्ग आज दिसणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. ती टेस्ट तुम्ही या प्रसंगाआधी निगेटिव्ह होतात याची नोंद असते. नर्सला पुढे कधी “हे ड्युटीवर झालं” असं सिद्ध करायची वेळ आली तर तोच कागद लागतो. शिवाय कुणी आधीच पॉझिटिव्ह असेल तर त्याला पेप नाही, पूर्ण उपचार द्यायचे असतात.

दुसरा दावा: “पेपच्या गोळ्या घेतल्या की रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो आणि किडनी जाते.”

यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच लोक फसतात. गोळ्या चालू असताना विषाणू दबलेला असतो, त्यामुळे संसर्ग झालाच असेल तर तो उशिरा दिसू शकतो. यावर उपाय म्हणजे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजायचे. ब्रिटनमध्ये तसंच करतात: 28 दिवसांचा कोर्स, त्यानंतर 45 दिवस, म्हणजे प्रसंगापासून 73 दिवसांनी लॅबमधली फोर्थ जनरेशन टेस्ट. आपल्याकडे तीन महिन्यांची टेस्ट केली की हे दिवस भरतातच. गोळी टाळायचं यात काहीही कारण नाही. टेनोफोविर किडनीवर ताण देऊ शकतं, म्हणून क्रिएटिनिन ही किडनीचं काम दाखवणारी रक्तातली पातळी तपासतात आणि किडनीचा आजार असणाऱ्याला औषध बदलून देतात. निरोगी माणसाची किडनी 28 दिवसांत “जाते” हे धादांत खोटं आहे.

तिसरा दावा वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो जसाच्या तसा देते: “लाज वाटत असेल तर रक्तदान शिबिरात जा. टेस्ट फुकट होते, कुणाला कळत नाही, काही निघालं तर रक्तपेढीवाले फोन करतात.”

हे लिहिणाऱ्याला आपण काय सांगतोय याची कल्पना तरी आहे का? रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते, हे खरं. पण विंडो पिरियड रक्तपेढीच्या मशीनलाही चुकत नाही. बारा-पंधरा दिवसांपूर्वी संसर्ग झालेल्या माणसाचं रक्त अँटिबॉडी टेस्टमध्ये बिनदिक्कत निगेटिव्ह येईल, पिशवीवर लेबल लागेल, आणि ती फ्रीजमध्ये जाईल. नॅट टेस्ट काही रक्तपेढ्यांत होते, सगळ्यांत होत नाही, आणि पहिले काही दिवस तिलाही काही दिसत नाही. एका पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे भाग होतात, म्हणजे ते तीन वेगवेगळ्या पेशंटना जाऊ शकतं. बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई, डेंग्यूत प्लेटलेट उतरलेला मुलगा, थॅलेसेमियाचं लेकरू, ज्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं.

आणि जोखीम किती? सीडीसीच्याच अंदाजानुसार एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर 10,000 वेळांमागे सुमारे 23 वेळा संसर्ग होतो. बाधित रक्त चढवलं गेलं तर 10,000 मागे सुमारे 9,250 वेळा. स्वतःच्या शंकेपोटी रक्तदान करणाऱ्याला खरंच संसर्ग झालेला असेल आणि तो तपासणीतून निसटला, तर अनोळखी पेशंटला संसर्ग होणं जवळजवळ खात्रीचं होतं. रक्तदात्याच्या फॉर्मवर सुई टोचणं, असुरक्षित संबंध याबद्दल प्रश्न असतात ते याचसाठी. तिथे खोटं लिहून आत शिरायचा सल्ला हा मेसेज देतो. तो कुणाही जवळच्या माणसानं पाठवला असेल तरी त्याला लगेच फोन करा आणि हे सांगा.

बाकीचे दावे थोडक्यात उरकते.

“दोन आठवड्यांत ताप आला नाही तर तुम्ही सुटलात.” नाही. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी येतात, काहींना काहीच होत नाही. आणि ज्यांना ताप येतो त्यांचा ताप साध्या व्हायरलसारखाच असतो. लक्षणांवरून ना पॉझिटिव्ह ठरतं, ना निगेटिव्ह.

“तिसऱ्या दिवशी पीसीआर केली की शंभर टक्के कळतं, पण महाग म्हणून डॉक्टर सांगत नाहीत.” पीसीआर हा नॅटचाच प्रकार. वर आकडा दिलाच आहे, दहा दिवसांच्या आत नॅटलाही दिसत नाही. तिसऱ्या दिवसाच्या निगेटिव्ह पीसीआरवर निश्चिंत होऊन कुणी पेप सोडली तर मग काय?

“एकदा पॉझिटिव्ह आली की संपलं.” एका किटवर रिॲक्टिव्ह येणं, म्हणजे पॉझिटिव्हची खूण दिसणं, हे निदान नाही. नॅको या सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या पद्धतीप्रमाणे तीन वेगवेगळ्या किटवर रिॲक्टिव्ह आल्यावरच एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणतात. आणि तसं निदान झालं तरी काही संपत नाही, एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रावर, औषधं मोफत मिळतात आणि ती रोज घेणारी माणसं संसार करतात, नोकऱ्या करतात.

“उपाशीपोटी टेस्ट करा, पाळी चालू असताना करू नका.” दोन्हीचा काही संबंध नाही.

“सुई टोचली की बोट दाबून रक्त पिळून काढा, वरून स्पिरिट ओता.” हेही करू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. पिळायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, जळजळीत काही लावायचं नाही. आणि सुई टोचल्यावर नुसत्या एचआयव्हीची चिंता करून भागत नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर त्याचा धोका कितीतरी जास्त असतो, तेही लगेच विचारा.

शेवटचा दावा: “सरकारी केंद्रात गेलात तर नाव गावभर होतं.”

याबद्दल लोकांची भीती मला समजते. लहान तालुक्यात आयसीटीसीच्या, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या दारात उभं राहिलं की ओळखीचं कुणीतरी भेटतंच, हे मी नाकारणार नाही. पण आपल्याच तालुक्यात गेलं पाहिजे असं बंधन नाही, शेजारच्या जिल्ह्यातही जाता येतं. टेस्ट मोफत आहे आणि आधी समुपदेशक तुमच्याशी बोलतो. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, संमतीशिवाय टेस्ट करायला मनाई केली आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1097 हा टोल फ्री नंबर आहे.

खासगी लॅबमध्ये करणार असाल तर काउंटरवर एकच प्रश्न विचारा: टेस्ट फोर्थ जनरेशनची आहे का, आणि रक्त शिरेतून घेणार का? बऱ्याच लहान लॅबमध्ये रॅपिड कार्ड वापरतात आणि त्यातली बरीच फक्त अँटिबॉडी दाखवतात, म्हणजे तुमच्यासाठी 45 नव्हे, 90 दिवसांचा हिशोब. रिपोर्टवर टेस्टची पद्धत छापलेली असते, ती वाचा. छापलेली नसेल तर लिहून मागा.

आणि प्रसंग कालचा किंवा परवाचा असेल तर आयसीटीसी उघडायची वाट पाहू नका. रात्र असो की रविवार, थेट जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जा आणि “पेप हवी आहे” असं सांगा.