दिवे न लागणारी घरं

आमचं घर वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात, ग्विनेडमध्ये. भिंतीला भिंत लागून चौदा दगडी घरांची ओळ, वर इथल्याच खाणींतल्या स्लेटची छपरं. डिसेंबरात चार वाजता अंधारतं, तेव्हा यातल्या पाच घरांत दिवा लागत नाही. त्यांच्या दाराशी आकडे फिरवून उघडायची किल्लीपेटी आहे. तिथे माणसं येतात ती उन्हाळ्यात, आठवडाभरासाठी.

इथले लोक याला भाषेचा प्रश्न म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत सगळ्या वेल्समध्ये १७.८ टक्के लोकांना वेल्श येत होती, ग्विनेडमध्ये ६४.४ टक्क्यांना. सुट्टीतल्या घरांनी किमती चढतात, वेल्श बोलणारी तरुण जोडपी गाव सोडतात, शाळेचा पट घसरतो. म्हणून २०२३ पासून कौन्सिलने राहत्या घराखेरीज असलेल्या दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर आणखी दीडशे टक्के कर बसवला.

मुंबईला फोन लावला की वेगळाच वाद चालू असतो. पहिलीपासून हिंदी आणणारा एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, त्यावर उठलेलं रान, जूनअखेर सरकारची माघार. ती माघार व्हायलाच हवी होती, आणि दुकानांवर मराठी पाट्याही हव्यातच. पण त्या पाटीखालून जाणारा मराठी माणूस रात्री झोपायला कुठे जातो? लालबाग-गिरगावातून तो डोंबिवलीला, विरारला गेला, आणि त्यावर मोर्चा निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आमच्या घरात मालवणी कुणालाच येत नव्हती, तरी मला येते. तिसऱ्या खोलीतल्या काकू रोज विचारायच्या, "खंय चललंस गो चेडवा?" पलीकडे साताऱ्याची माणसं. नळाला पाणी आलं की कळशी-बादलीसकट सगळ्या बोली गॅलरीत यायच्या. संडास सामायिक होते, पावसात छत गळायचं. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांची घरं मिळाली, तेव्हा फोटो बघून मला रडू आलं. तो त्यांचा हक्कच होता.

पण नकाशात गॅलरी कुठे आहे? लिफ्टसमोरच्या चिंचोळ्या पट्टीत कुणी पापड वाळत घालणार नाही. प्रत्येक मजल्यावर दोन खुर्च्या आणि एक बाक मावेल एवढी मोकळी जागा पुनर्विकासाच्या नियमात बंधनकारक करा. मेंटेनन्स परवडेना म्हणून ही घरं विकली जाणार नाहीत, याचीही तरतूद करा. आणि कोकणात गावकऱ्यांना परवडेनाशी होत चाललेली जमीन? तिथे करापासून सुरुवात करता येईल. आमचं गुहागरचं जांभ्या दगडाचं घर गणपती सोडले तर वर्षभर बंदच असतं, म्हणजे तो कर आम्हालाही पडेल. पडू दे.

शेजारच्या आजी माझ्या मुलीला कुंपणावरून "पानेद?" अशी हाक मारतात, म्हणजे चहा घेतेस का. मुलगी वेल्श शाळेत शिकली, पण हा शब्द त्यांच्याकडून. आजींना आता मुलाकडे कार्डिफला जायचंय. एजंट म्हणतो, सुट्टीवाल्यांना विकलं तर चांगली किंमत येईल. त्या अजून थांबल्यात, गावातलं एखादं जोडपं पैसे जमवतंय का ते बघत.